आतला साक्षीदार

साहेब, तुम्ही आत न बघताच इस्तारीला मेल्यात जमा केलंत. सकाळी कोळशाच्या खाणीत आग लागली, सगळे मजूर वर आले, तो एकटा खाली राहिला. सुटकेची माणसं चांद्याहून निघाल्याची तार आली, तरी तुम्ही मला, गवंड्याला, हुकूम दिलात: भुयाराचं तोंड विटांनी बंद कर, हवा तुटली की आग विझेल. त्याची बायको गोकुळा आडवी आली. "माह्या नवऱ्याले जित्ता गाडून राह्यले का?" तुम्ही हसलात आणि विलायतेत शिकलेलं नवं पदार्थविज्ञान तिला ऐकवलंत. "बाई, बंद पेटीत काय आहे, ते जाणीव असलेल्या कुणी पाहीपर्यंत ठरतच नाही. तुझा नवरा आत्ता जिवंतही नाही आणि मेलेलाही नाही. मग गाडलं कुणाला?" कारकून खिदळले. गोकुळा म्हणाली, "पेटीत खिळे असते तं मानलं असतं, साहेब. आत माणूस आहे. तो सोताचे हात-पाय चाचपून पाहून राह्यला असन. त्याचं पाहणं काऊन नाई धरत?" तुम्ही घड्याळ पाहिलंत आणि मला म्हणालात, "लाव रे." एका विटेची फट उरली आहे. वीट मी खाली ठेवली आहे, आणि तुमचे दोन शिपाई माझ्याकडे येत आहेत. मला कामावरून काढा, पण आधी तिला उत्तर द्या. कोळसा खणणाऱ्या माणसाला जाणीव असते की नसते? हो किंवा नाही, एवढंच बोला!