निर्जळी

माझी लेक स्वरदा रीब्रीदर लावून खोल समुद्रात उतरायचं शिकायला अंदमानला गेली. सोडलेला श्वास गाळून पुन्हा पुरवणारं ते यंत्र. रोज ती वर येऊन फोन करीपर्यंत पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, असं मी इथे पिपलानीत देवापुढे बोलले आणि तिलाही सांगितलं.

"पाण्यात ती आणि कोरडी तू," हे हसले.

पाचव्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. आवाज रडवेला होता.

"आई, सर जाम भडकलेत. पुन्हा असं झालं तर सरळ घरी पाठवतील."

"काय केलंस गं?"

"वर येताना टप्प्याटप्प्यावर थांबावं लागतं, नाहीतर रक्तात बुडबुडे होतात. शेवटच्या टप्प्यावर चाळीस मिनिटं थांबायचं होतं. मी विसातच निघाले. सरांनी पाय धरून खाली ओढलं."

"एवढी कसली घाई होती?"

"मनगटावर पाहिलं, तर दोन वाजून गेले होते. तू सकाळपासून तशीच बसली असशील ना."

दुसऱ्या दिवशी समुद्रात जाण्याआधी तिने किनाऱ्यावरून व्हिडिओ कॉल केला. मी देवाला हात जोडले, क्षमा मागितली आणि तिच्यादेखत पोह्यांचा पहिला घास तोंडात घातला.

"ही अख्खी बशी संपवणार आहे बघ," मी म्हटलं. "तू सावकाश वर ये."