बियासच्या काठावर

“सैन्य बियास नदीच्या काठावर आलं आणि तिथंच बसलं. पुढे जायला कुणी तयार होईना.” स्वप्नालीने एवढं वाचलं आणि पुस्तक मांडीवर उपडं ठेवलं.

“थांबलीस का? वाच की,” शालनबाई म्हणाल्या. समोर मेथीची जुडी, आणि सुजलेले गुडघे लांब पसरलेले.

हेंद्रेपाड्यातल्या त्या दोन खोल्यांत हे रोजचंच होतं. अधिकारी व्हायला निघालेली लेक मनात वाचायला बसली की डुलक्या काढते, म्हणून आईने काढलेली ही युक्ती: लेकीने मोठ्याने वाचायचं, आईने भाजी निवडत ऐकायचं. ऐकून ऐकून बाईंची मतं पक्की झाली होती. अथेन्समध्ये बायकांना मत द्यायची सोय नव्हती, मग ती कसली डोंबलाची लोकशाही! सॉक्रेटिसचं नाव निघालं तरी त्यांचं डोकं फिरायचं. घरात लहान पोरं असताना हा माणूस खुशाल विष पितो म्हणजे काय! प्लेटो आला की त्यांना जांभया यायच्या. आवडता एकटा अलेक्झांडर, कारण तो कुठे थांबत नव्हता.

“इथं थांबला तो,” स्वप्नाली म्हणाली.

“कुणी हरवलं त्याला?”

“कुणीच नाही. माणसं थकली होती, मम्मी. आठ वर्षं चालत होती बिचारी. कपड्यांच्या चिंध्या झालेल्या, वरून पाऊस. मग एक म्हातारा सरदार उठला आणि म्हणाला, राजा, आता बास. आम्हाला घरी जायचंय.”

“राजाला? तोंडावर?”

“तोंडावर.” स्वप्नाली आईकडे वळली. “मलापण आता नाही होत गं. कॅम्प पाचला एका ऑफिसात जागा आहे. सोमवारपासून ये म्हणाले. मी हो सांगून टाकलंय.”

मेथी निवडणारे हात थांबले.

“सपू, एक अटेम्प्ट अजून दे. एकच.”

“दर वेळी तू एकच म्हणतेस!”

शालनबाईंनी भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे पाहिलं. स्वप्नालीने मुद्दाम तिकडे मान वळवली नाही. त्या फोटोसमोर ‘मी थकले’ म्हणायची तिला आजवर लाज वाटत आली होती. आज बोलून गेली, आणि आता रडूही येत होतं आणि बरंही वाटत होतं.

“लोकांना काय सांगू मी? समोरच्या बनूबाईला काय सांगू? पोरीचं लग्न उरक म्हणून ती माझं डोकं खायची, तेव्हा छाती ठोकून सांगितलंय तिला, मला कलेक्टरची आई व्हायचंय म्हणून!”

स्वप्नालीने मांडीवरचं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. भांडायलाही अंगात जीव लागतो.

शालनबाई गुडघ्यांवर हात टेकत उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. स्वप्नालीने उरलेली मेथी पुढ्यात ओढली. जुडी संपत आली तेव्हा दार करकरलं.

“मग राजाने काय केलं?” आतूनच प्रश्न आला.

“रुसला. तीन दिवस तंबूतून बाहेर आला नाही.”

“आणि नंतर?”

“नंतर ऐकलं त्यांचं. मागे फिरला. पण फिरायच्या आधी नदीकाठी बारा वेदी बांधून घेतल्या. दगडी, उंचच्या उंच.”

“कशाला पण? जिंकला तर नव्हता ना पुढचं काही.”

“इथवर आलो होतो, म्हणून.”

शालनबाई बाहेर आल्या. डोळे लाल होते. खुंटीवरची पर्स घेतली, चपला सरकवल्या आणि जिना उतरून गेल्या. गेली कुळगावला मामाकडे माझी तक्रार घेऊन, स्वप्नालीच्या मनात आलं. मामा येईल, पुन्हा तेच समजावेल. येऊ दे. तिने भिंतीला डोकं टेकलं आणि बसल्या जागी तिचा डोळा लागला.

जाग आली ती जिन्यातल्या आवाजाने.

“अगंबाई, पेढे! निकाल लागला वाटतं?” बनूबाई विचारत होती. “झाली का पोरगी कलेक्टर?”

“नाही झाली,” शालनबाई धापा टाकत म्हणाल्या. “इथवर आली ना, त्याचे आहेत. घे पटकन, मला वाटायला अजून वरचा मजला चढायचाय.”