दारफळणीचा सण

चाकणच्या बाजारातल्या तंबूत मालोजीचा सिनेमा लागला होता. पडद्यावर त्याचं नाव आलं तेव्हा हनोख किहीमकरनं टाळ्या वाजवल्या. पिंपरीच्या कारखान्यात दोघं एकाच मशीनवर होते. मालोजी नोकरी सोडून संवाद लिहायला गेला, तोवर हनोखच्या आईच्या, मिलकाबाईंच्या, हातचं कितीदा जेवला असेल, त्याला गणती नव्हती. आज त्यानंच दोघांना पुढच्या खुर्च्यांवर आणून बसवलं होतं.

सिनेमा विनोदी होता. मध्येच एक शनवार तेल्याचं, म्हणजे कोकणातल्या यहुदी माणसाचं, घर आलं. पांढरे कपडे, कडक निर्जळी उपास, दिवसभर लावून घेतलेली दारं.

"अरे, आपली दारफळणी," मिलकाबाई हरखून म्हणाल्या. आपल्या मूठभर यहुदी माणसांचा सण कुणी पडद्यावर दाखवील, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात पडद्यावरच्या म्हाताऱ्यानं मुलाचा सदरा ओढला. "देव दुसरीकडं बघतोय, तोवर घोटभर पाज." मुलानं घाबरून आभाळाच्या बाजूला टोपी आडवी धरली आणि तांब्या पुढं केला. तंबू हसून लोळला.

हनोखचे वडील, आबा, दारफळणीच्या दिवशीच तापात गेले होते. आई पलीकडं प्रार्थनेला बसली होती, तेव्हा ते हेच बोलले होते आणि त्यानं हेच केलं होतं. 'उपास न मोडता गेले,' असं आई आजही आल्यागेल्याला सांगायची. एकदा शिफ्ट सुटल्यावर मालोजीजवळ तो रडला होता. बाकी कुणालाच ते ठाऊक नव्हतं.

"हे तर त्यांचं बोलणं," मिलकाबाई म्हणाल्या. मग पडद्यावरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "तू पाणी दिलंस?"

"हो."

खेळ सुटला तेव्हा मालोजी बाहेर उभाच होता. "काकी, त्या जागेला लई हसत्यात लोक. गावोगाव."

"ते मी तुला एकट्याला सांगितलं होतं," हनोख म्हणाला.

"नाव कुठं घेतलंय, भावा? कुणाला कळतंय?"

मिलकाबाईंनी पदर सावरला. मुलाकडं त्यांनी पाहिलंही नाही.

"घरात मला नाही, ते यानं तुला सांगितलं," त्या मालोजीला म्हणाल्या. "मग तूच सांग. पोटभर प्यायले का रे ते?"