आठवड्याची गोळी

“ही पिवळी गोळी आजींना कोण देत होतं?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

खाटेजवळ घरची तिघं उभी होती. खाटेवर डिंगोऱ्याची चिमाबाई डोळे मिटून पडली होती. ओठ फुटून काळे पडलेले, तोंड आतून सगळं सोललेलं, अंगात ताप. घोटभर पाणी गिळायचं तरी ती चादर मुठीत आवळायची. घरात सगळ्यांना वाटलं होतं, उष्णता झाली. मग ताप चढला आणि तिला नारायणगावच्या दवाखान्यात आणलं.

“मी,” अश्विनी म्हणाली. ती चिमाबाईची सून. “सांधे धरलेत ना त्यांचे, त्याची गोळी हाय. सकाळी च्या झाला की एक द्यायची.”

“रोज?”

“हां. रोज.”

डॉक्टरबाईंनी गोळ्यांचं पाकीट खाटेच्या कडेला ठेवलं.

“ही आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. एक वार ठरवून. औषध चांगलं आहे, आमवाताला पहिलं हेच देतात. पण रोज घेतलं तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी मरतात, तोंडापासून आतड्यापर्यंत सालं निघतात. यांच्या पेशी फार खाली गेल्यात.” त्या जरा थांबल्या. “उताऱ्याचं इंजेक्शन आहे, ते लगेच सुरू करते. पण आज तरी काही सांगता येणार नाही.”

गेणभाऊ इतका वेळ भिंतीला टेकून उभे होते. चिमाबाईचे ते सख्खे भाऊ.

“म्हंजी इख घातलंस की गं तू माझ्या बहिणीला,” ते म्हणाले. आवाज मोठा होता. शेजारच्या खाटेवरची माणसं वळून बघायला लागली.

अश्विनीनं नवऱ्याकडं पाहिलं. नवनाथ चाकणहून थेट आला होता, अंगावर कंपनीचाच शर्ट होता. आईला पुण्याच्या सांध्यांच्या डॉक्टरकडं त्यानंच नेलं होतं. गोळी कशी घ्यायची ते त्यालाच समजावलं होतं आणि त्यानं ते घरी फोनवर सांगितलं होतं. आता तो बोलेल म्हणून अश्विनी थांबली.

नवनाथ सलाइनच्या नळीकडं बघत होता.

“मी सांगितलं व्हतं हिला,” तो म्हणाला. “आठवड्याला एक म्हणून. हिचं ध्यानच नसतं.”

“अहो, तुमी...” अश्विनी म्हणाली. तोंड आलं तेव्हा तिनं त्याला पुन्हा फोन केला होता. सुरवातीला तरास व्हतोच, बंद करू नको, असं तोच म्हणाला होता. पण हे त्याच्या मामांसमोर, भरल्या दवाखान्यात कसं सांगायचं? तिनं ओढणीचं टोक मुठीत धरलं आणि मान खाली घातली.

“आता मान खाली घालून काय फायदा?” गेणभाऊ म्हणाले. “लेकीवाणी ठिवली व्हती तिनं तुला.”

तेवढ्यात खाटेवरून घोगरा आवाज आला. चिमाबाईनं डोळे उघडले होते. ती ओठ हलवत होती.

“आजी, बोलू नका,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “जखमा उघडतील.”

चिमाबाईनं वाकड्या बोटांचा हात वर केला. पहिल्यांदा नुसती हवाच आली. तिनं आवंढा गिळला, त्यानं तिचा चेहरा कसनुसा झाला.

“रोज म्हणलास तू.”

सगळे वाकले.

“नवनाथ. फोनवर.” एकेका शब्दाला ती थांबत होती. “हिचं हात पिठात व्हतं. फोन मोठ्यानं लावला व्हता. मी शेजारीच व्हते.” ओठाच्या कडेनं रक्ताची बारीक धार हनुवटीवर आली. “तोंड आल्यावं बी... इचारलं हिनं तुला.”

“बास, आजी.” डॉक्टरबाईंनी कापसानं रक्त टिपलं.

“हिला बोल लावू नका,” चिमाबाई म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.

गेणभाऊंनी टोपी काढली, हातात धरली आणि ते बाहेर बाकावर जाऊन बसले. नवनाथला डॉक्टरबाईंनी रक्ताची सोय बघायला पाठवलं. इंजेक्शन लागलं.

चिमाबाईचा ताप लगेच उतरला नाही. एकदा तर तिला पुण्याला हलवायचं घाटत होतं. मग हळूहळू पेशी वर यायला लागल्या. अश्विनी नाकातोंडाला मास्क लावून चमच्यानं गार दूध पाजायची, पुढं पातळ पेज. गेणभाऊ येताना तिच्यासाठी भाकरी बांधून आणायचे आणि काही न बोलता तिच्याजवळ ठेवायचे. नवनाथ औषधं आणायचा आणि दाराशी उभा राहायचा.

ताप गेला त्या दिवशी तो आत येऊन पायथ्याशी बसला. अश्विनी खिडकीजवळ फडकं पिळत होती. नवनाथनं बराच वेळ चादरीची सुरकुती सारखी केली.

“आई, चुकलं माझं. कामाच्या गडबडीत बोललो मी तवा,” तो म्हणाला. “पण मामांदेखत, समद्यांदेखत बोलायची काय गरज व्हती? मला एकट्याला सांगायचं.”

चिमाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. मग ओठांवर बोट ठेवलं आणि बोलता येत नाही असा हात हलवला.

नवनाथ चहा घेऊन येतो म्हणून उठला आणि बाहेर गेला.

चिमाबाईनं खिडकीकडं मान वळवली.

“अश्विनी,” ती म्हणाली, “तू काय खाल्लंस का गं?”