बिनमुठीची चिमणी

घड्याळवाल्याने आणलेलं खोकं होणाऱ्या सासऱ्यांनी उघडून पाहिलं आणि न हसता बाजूला सारलं. आत कोळसे पेटवायची नवीकोरी चिमणी होती, पत्र्याचं उभं नळकांडं. तीन दुकानं पालथी घालून त्याने ती निवडली होती. एका दमात सगळ्यांपुरता कोळसा मावेल एवढी मोठी, लाकडी मुठीची, मुठीच्या आत झळ अडवणारी आडवी पट्टी, शिवाय ओतताना दुसऱ्या हाताने धरायला वेगळी कडी. हाताला काही म्हणजे काही लागणार नाही, असं दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं होतं. तेच त्याने सासऱ्यांना सांगितलं आणि तिथेच माती खाल्ली.

"आमच्या घरात आमचीच चिमणी चालते," सासरे म्हणाले.

त्यांचा सगळा जन्म ओतशाळेत, वितळलेल्या लोखंडापाशी गेला होता. ज्याचा हात कधी भाजला नाही तो त्यांच्या लेखी माणूसच नव्हता. त्यांची चिमणी म्हणजे काळाठिक्कर पडलेलं पत्र्याचं नळकांडं, खाली भोकं, बाजूला नुसती लोखंडी कडी. कडीवरचं लाकूड केव्हाच जळून गेलं होतं आणि ते मुद्दामच पुन्हा बसवलं नव्हतं. या घरातली मुलगी मागायला येणाऱ्याने ती पेटवायची, उघड्या हाताने उचलायची आणि शेगडीत ओतायची, अशी रीत होती. थोरल्या जावयाने उजवा हात दिला होता. तळव्यावरचा तो चकचकीत वण तो आल्यागेल्याला अजून दाखवतो. मधल्याने डावा दिला, म्हणून तो आजही टेबलाच्या टोकाला बसतो आणि त्याला कोणी काही विचारत नाही.

पेटवण्यात घड्याळवाल्याने खोड काढायला जागा ठेवली नाही. वर्तमानपत्राचे दोन कागद सैल चुरगाळून खाली घातले, वर कोळसे भरले, भोकातून काडी लावली आणि मागे सरला. मधल्या जावयाने फुंकर मारायचा सल्ला दिला. त्याची गरज नाही, वारा खालून आपोआप वर चढतो, असं त्याने शांतपणे सांगितलं. धूर आधी दाट झाला, मग पातळ. वरच्या कोळशांच्या कडा राखाडी दिसू लागल्या. आता ओतायलाच हवे होते, आणि अंगणातल्या गप्पा थांबल्या.

जाड हातमोजा थोरल्या जावयाने मांडीखाली घालून ठेवला होता. सगळ्यांना ते ठाऊक होतं.

घड्याळवाल्याचं पोट बोटांवर होतं. केसाएवढे स्क्रू चिमट्याने उचलायचे. चिमटा धरायच्या हाताचं एक बोट जरी आखडलं, तरी दुकानाला कुलूप. आणि चिमणी उचलली नाही, तर या घरातली धाकटी मुलगी मिळणार नाही. हे तिनेच त्याला मघाशी फाटकापाशी सांगितलं होतं. तो घाबरला होता आणि ते लपवणं त्याला जमत नव्हतं. त्याने धाकटीकडे पाहिलं. तिच्या हातात स्वयंपाकघरातलं जाड फडकं होतं. त्याची नजर त्यावर गेल्याचं तिला कळलं. तिने त्या फडक्याची नीट चौपदरी घडी केली आणि ते आपल्या खांद्यावर टाकलं.

"दोन पावलं तर न्यायचीय," ती म्हणाली. "तेवढ्याने काय होतंय?"

त्याने उजवा हात पुढे केला. थोरला जावई खुर्चीत सावरून बसला.

घड्याळवाल्याने कडी धरली, उचलली, दोन पावलं चालला. घाईघाईने ओतून मोकळा झाला असता तर कोणी नाव ठेवलं नसतं, पण त्याने कोळसे शेगडीभर सारखे पसरून ओतले. चिमणी फेकली नाही, खाली ठेवली. कातडीचा वास सुटला. तो वास त्या घराला ओळखीचा होता. डोळ्यांतून पाणी आलं, ते धुरामुळे असं तो म्हणाला, आणि सगळे मोठ्या मनाने हसले.

सासऱ्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "उजवा दिला," ते बायकोकडे वळून म्हणाले. "पोटावर पाय येईल हे माहीत असून उजवा दिला."

सासूबाईंनी गार पाण्याचं घमेलं आणलं. थोरल्याने त्याच्यासाठी आपल्या शेजारची खुर्ची ओढली. मधल्याने मान खाली घातली. पाण्यात हात बुडवून बसलेल्या घड्याळवाल्याने मग धाकटीकडे बघून हळूच, चोरटं हसून घेतलं. ती आता आपली झाली, असं त्याला वाटलं.

धाकटी हसली नाही. लहानपणापासून तिने वडिलांपासून एकही गोष्ट लपवली नव्हती. ती त्या पाण्यातल्या हाताकडे बघत राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "तो डावखुरा आहे."

थोरल्याने खुर्ची परत जागेवर नेली. शेगडीतले कोळसे छान फुलले होते, मांसाचं ताट घेऊन सासूबाई उभ्या होत्या. सासऱ्यांनी त्यांना हातानेच थांबवलं. मग वाकून त्यांनी तापलेली चिमणी उघड्या हाताने जवळ ओढली आणि पोत्यातले कोळसे तिच्यात काठोकाठ भरले. खाली घालायचा कागद धाकटीने चुरगाळून दिला.