चंदाच्या नावाचं पाकीट

पाकिटावर चेकोस्लोव्हाकियाचं तिकीट होतं. मागच्या बाजूला पाठवणाऱ्याचं नाव होतं, बोहुमिल व्हानेक. प्रमिलाबाईंनी ते शिक्षकांच्या खोलीत उभ्या उभ्या दोनदा वाचलं. या माणसाला त्यांनी गेल्या ऑगस्टमध्ये मारलं होतं.

आठवी ब, शेवटचा तास. हॅलेचा धूमकेतू येणार म्हणून वर्तमानपत्रं रकाने भरत होती. बाईंना एका इंग्रजी मासिकात व्हानेक यांच्यावर दोन परिच्छेद सापडले होते. डोंगरमाथ्यावरची वेधशाळा, हाडं गोठवणारी थंडी, दुर्बीण घेऊन वर्षानुवर्षं आभाळ विंचरणारा एक माणूस आणि त्याला सापडलेले पाच धूमकेतू. मजकूर तिथेच संपत होता. घंटेला अजून दहा मिनिटं होती आणि मुलं टक लावून बघत होती. मग बाईंनी शेवट रचला. त्यांचे डोळे गेले, सोबती पांगले, आणि एका सकाळी दुर्बिणीला टेकलेला त्यांचा देह बर्फात सापडला. मागच्या बाकावरून हुंदका ऐकू आला. ती चंदा होती.

चंदाचे वडील नंदुरबारकडून इथे धाग्याच्या कारखान्यात आले होते. शाळेजवळच्या किलवणी गावात एका खोलीत त्यांचा संसार होता. चंदाने तीच गोष्ट वक्तृत्व स्पर्धेत सांगितली आणि पहिला नंबर काढला. परीक्षकांनी डोळे पुसले. तेव्हाही बाई काही बोलल्या नाहीत. सगळ्यांबरोबर त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

आता फेब्रुवारी होता, आणि पाकीट चंदाच्या नावाचं होतं. बाईंनी ते फोडलं.

पत्र सोप्या इंग्रजीत, थरथरत्या अक्षरात होतं. 'प्रिय चंदा, तू आमच्या वेधशाळेच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र त्यांनी मला आणून दिलं. व्हानेक यांच्या दुर्बिणीची काळजी आता कोण घेतं, असं तू विचारलंस. मीच घेतो. मी एकाहत्तर वर्षांचा आहे आणि मला बऱ्यापैकी दिसतं. तुझ्या आईने माझ्या नावाने दिवा लावला, असं तू लिहिलंस. त्यांना माझे आभार सांग. तुझ्या बाईंचा बहुधा माझ्या आणि एखाद्या सहकाऱ्याच्या नावात घोटाळा झाला असावा. त्यांना बोल लावू नकोस. इतक्या लांब बातमी पोचता पोचता बदलते.'

दुसरं पान होतं, पण बाईंना ते वाचवेना. दिवा लावणारी ती बाई त्यांना माहीत होती. बायडाबाई. पालकसभेला आली की खुर्चीवर न बसता दाराशी उभी राहायची आणि म्हणायची, "बाई, पोरगी तुमच्या शब्दाबाहेर नाही."

पत्र पर्समध्ये गेलं आणि तिथेच राहिलं.

आठवड्याभराने चंदाने त्यांना व्हरांड्यात गाठलं. "बाई, परदेशातून पत्र यायला किती दिवस लागतात?"

"खूप लागतात," बाई म्हणाल्या. "कधी कधी येतही नाही."

"मग मी वाट पाहते," चंदा म्हणाली आणि पळत गेली.

बाई शिक्षकांच्या खोलीत आल्या. पहिलं खोटं घंटेपर्यंत वेळ काढायला होतं. हे कशासाठी होतं? त्यांनी पर्स उघडली आणि दुसरं पान वाचलं.

'तुला एक गोष्ट सांगतो,' व्हानेक यांनी लिहिलं होतं. 'तरुणपणी मी एक सहावा धूमकेतूही जाहीर केला होता. जगभरच्या वेधशाळांना तारा गेल्या. माझ्या आईने शेजाऱ्यांना केक वाटला. मग माझ्या लक्षात आलं, की तो धूमकेतू नाही, भिंगात उमटलेलं एका ठळक ताऱ्याचं प्रतिबिंब आहे. चार दिवस मी गप्प बसलो. त्या चार दिवसांत माझ्या शब्दावर विसंबून किती माणसं थंडीत उभी राहून नसलेली वस्तू शोधत होती! पाचव्या दिवशी मी तार केली. धूमकेतू नाही, चूक माझी. पाच धूमकेतूंपेक्षा ती तार मला जड गेली.'

त्याच दिवशी शेवटच्या तासाला बाई आठवी ब वर गेल्या. पाकीट त्यांनी चंदाच्या हातात दिलं. "तुझं आहे. मी फोडलं. आठ दिवस लपवलं," त्या म्हणाल्या. मग तिला विचारून त्यांनी पत्र मराठीत वाचून दाखवलं. व्हानेक जिवंत आहेत हे ऐकताच वर्ग ओरडला. सहकाऱ्याच्या नावात घोटाळा झाला असावा, हे वाक्य आलं तेव्हा पहिल्या बाकावरचा विकी मोठ्याने म्हणाला, "होतं असं, बाई."

तिथे थांबता आलं असतं. सगळी मुलं हसत होती, कुणाचाच राग नव्हता.

"घोटाळा झाला नव्हता," बाई म्हणाल्या. "मला शेवट माहीत नव्हता. मी तो मनाने रचला. मी तुमच्याशी खोटं बोलले."

बाहेर कारखान्याचा भोंगा झाला आणि थांबला. बाई मान खाली घालून उभ्या राहिल्या. कुणीतरी चिडावं, निदान रडावं, असं त्यांना वाटत होतं.

चंदा रडली नाही. तिच्या चेहऱ्यावर अजून आनंद होता. तिने पत्र दप्तरात नीट ठेवलं, बाईंच्या विषयाची वही काढली, पहिलं पान उघडलं आणि पेनचं टोपण काढून अगदी मनापासून विचारलं,

"बाई, आणखी काय काय खोडायचं?"