सूर्यास्तानंतरची भूक

वैजयंता बाळंत झाली तेव्हा सूर्य नुकताच मावळला होता. हिराबाईंनी लेकीला पेजेचे दोन घोट पाजले, आणि ते लगेच उलटून पडले. तिच्या दंडात बसवलेल्या यंत्राने रोजच्यासारखं पोट बंद केलं होतं. आता सकाळपर्यंत अन्न पचणार नव्हतं.

"हिचं पोट चालू करा," हिराबाई डॉक्टर पेठकरांना म्हणाल्या.

"ते सूर्याबरोबरच चालतं, मावशी. मी सलाईन लावतो."

"दिवसभर कळा सोसल्यात तिनं. भूक लागलीय तिला. लेकरं काय ऊन बघून जन्माला येतात? यंत्र बनवताना एकाही बाळंतिणीला विचारलं नाही का कुणी?"

डॉक्टर सलाईनची बाटली हातात घेत म्हणाले, "यामुळेच घराघरातला मधुमेह गेला. रात्री शरीराला विश्रांती मिळते."

हे हिराबाईंना सांगायची गरज नव्हती. मधुमेहानं नवऱ्याचा पाय गेला, म्हणून त्यांनीच हट्टानं लेकीला यंत्र बसवायला लावलं होतं. ते आठवून त्यांचा संताप अधिकच वाढला.

वैजयंतानं बाळ आईकडे दिलं आणि दंड पुढे केला.

"काढून टाका."

"पुन्हा बसवता येणार नाही."

"कधी खायचं ते माझं मी बघेन. काढा."

डॉक्टरांनी भुलीची सुई देऊन यंत्र काढलं, तसं पोट पुन्हा चालू झालं. हिराबाईंनी बाळाला निजवून पेज पुन्हा गरम केली आणि लेकीला भरवायला चमचा उचलला. वैजयंतानं वाटीच त्यांच्याकडून घेतली, तोंडाला लावली आणि रिकामी करून म्हणाली, "अजून वाढ."